दोर वळणाऱ्याचा सिनेमा

डायलिसिसच्या हॉलमध्ये अकरा खुर्च्या होत्या. खिडकीजवळच्या दोन सोडल्या तर बाकी सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. त्या दोनपैकी एक मिस्त्रींची. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला वजनकाट्यावर उभं राहायचं, अंगात किती पाणी साचलं ते सिस्टर लिहून घेणार, मग डाव्या हातात दोन जाड सुया, आणि पुढचे चार तास रक्त एका नळीतून बाहेर आणि दुसरीतून आत. तीन वर्षं हा रतीब चालू होता.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. एकतीस वर्षं त्यांनी लिफ्टच्या खड्ड्यांत आणि गच्चीवरच्या मोटरखोल्यांत काढली होती. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मुलगी लांबच्या शहरात. उरलं होतं ते सिनेमाचं वेड, आणि तेही सरळ नाही. नाचगाणी, मारामारी त्यांना चालायची नाही. कुठल्या कुठल्या देशांतले, कुणी पदरमोड करून काढलेले, जिथे माणूस दहा मिनिटं नुसता जिना चढतो, असे सिनेमे त्यांना लागत. हे खूळ लागलं तेही कामावरच. एका फिल्म सोसायटीच्या इमारतीत लिफ्ट अडकली होती, सुटा भाग यायला दोन तास होते, आणि दारावरच्या माणसानं दया येऊन त्यांना मागच्या रांगेत बसू दिलं. पडद्यावर एक माणूस भिंत रंगवत होता. रंगवतच होता. मिस्त्रींना वाटलं, आपण काम करताना कसे दिसतो ते कुणीतरी पहिल्यांदाच नीट बघितलंय. तेव्हापासून त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची वहीत नोंद केली होती. एका सिनेमाला एक ओळ. आकडा चारशेच्या पुढे गेला होता.

बाजूच्या खुर्चीत चेकर आले ते गेल्या वर्षी. वय एकाहत्तर, बसमधले तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त, आवाज असा की हॉलमधली मशीनंही दचकावीत. मुलानं त्यांना आपलं एक मूत्रपिंड दिलं होतं, ते सात महिन्यांत निकामी झालं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. बाकी सगळ्याबद्दल बोलत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मान वाकडी करून मिस्त्रींच्या टॅबकडे पाहिलं.

“हे चालू आहे का अडकलंय?”

“चालू आहे. तो माणूस वाट बघतोय,” मिस्त्री म्हणाले.

“कुणाची?”

“ते अजून कळलेलं नाही.”

“किती वेळ झाला?”

“चाळीस मिनिटं.”

“चाळीस मिनिटांत माझी बस ह्या टोकाची त्या टोकाला जायची,” चेकर म्हणाले आणि डोळे मिटून पडले. पण चार तास म्हणजे चार तास. माणूस छताकडे तरी किती बघणार? पुढच्या आठवड्यात मिस्त्रींनी एक इअरफोन त्यांच्याकडे सरकवला आणि टॅबचा स्टँड दोघांच्या मधोमध आणला.

चेकर बाटले ते एका मेंढपाळ बाईमुळे. त्या सिनेमात एक बाई दिवसभर उन्हातून चालते, संध्याकाळी एका घरापाशी पोचते, आणि तिला कुणीतरी पाण्याचा तांब्या देतं. ती पाणी पिते. दिग्दर्शकानं कॅमेरा हलवला नाही. गळा वरखाली होतोय, हनुवटीवरून ओघळ जातोय, ती पितेय, थांबतेय, परत पितेय. हॉलमधल्या प्रत्येकाला दिवसाला मोजून चार पेले पाणी. तहान लागली की बर्फाचा खडा जिभेवर ठेवायचा आणि दुसरा विषय काढायचा. दोघं म्हातारे श्वास रोखून त्या बाईकडे बघत राहिले. ती पिऊन झाल्यावर चेकर म्हणाले, “मागे घ्या. परत बघू.”

त्यानंतर गाडी रुळावर आली. मिस्त्री घरी नवे सिनेमे बघून ठेवायचे, त्यातला निवडक माल हॉलमध्ये आणायचे. चेकर बघायचे आणि निकाल द्यायचे. त्यांची कसोटी त्यांच्या धंद्यातली होती. कारण नसताना एखादं पात्र हुंदके द्यायला लागलं की ते म्हणायचे, “बिनतिकिटाचं रडणं. उतरवा हिला.” एका सिनेमात दोन भाऊ एकमेकांशी न बोलता अख्खं गॅरेज मोकळं करतात. खिळे, टायर, बापाचे बूट. मिस्त्रींना तो थोर वाटला होता. चेकर म्हणाले, “धाकट्याकडे तिकीट आहे. थोरला नुसता उभा आहे, दिग्दर्शकानं सांगितलं म्हणून.” मिस्त्रींनी घरी जाऊन परत पाहिला. खरंच, थोरला नुसता उभा होता. त्यांनी वहीतली ओळ खोडली आणि नवी लिहिली. इतक्या वर्षांत कुणाशी सिनेमावर बोलायला मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते असं, हाताला सुया लावलेल्या अवस्थेत. सोमवारची वाट बघणं हा प्रकार मिस्त्रींच्या आयुष्यात परत सुरू झाला.

हिवाळ्यात चेकरांच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. जखम भरली, पण रक्तदाबानं दगा द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या तासाला त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा, पोटऱ्यांत गोळे यायचे, सिस्टर धावत येऊन खुर्ची मागे पाडायची. एकदा ते दोन मिनिटं गेलेच होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, “कुठपर्यंत आला?” मिस्त्रींना वाटलं, स्वतःबद्दल विचारतायत. ते सिनेमाबद्दल विचारत होते.

अशातच मिस्त्रींनी दोर वळणाऱ्याचा सिनेमा आणला.

घरी बघितला त्या दिवशीच त्यांना कळलं होतं की वर्षभरात असं काही हाती लागलेलं नाही. गोष्ट म्हटली तर एवढीशी. कुठल्याशा थंड गावात एक म्हातारा हातानं दोर वळतो. लांबलचक पडवी, एका टोकाला चाक, आणि तो ताग सोडत सोडत उलट्या पावलांनी मागे जातो. त्याला आजार आहे. उपचारासाठी आठवड्यातले तीन दिवस शहरात जावं लागतं. जायचा एक दिवस, तिथला एक, यायचा एक. एके सकाळी तो बसथांब्यावर उभा राहतो, बस येते, दार उघडतं, आणि तो चढत नाही. घरी येऊन अर्धा राहिलेला दोर पुरा करतो. शेवटच्या दहा मिनिटांत तो अंगणातल्या बाकावर बसतो. ऊन येतं. पायाशी कुत्रं असतं. ऊन सरकत सरकत भिंतीवर जातं आणि सिनेमा संपतो.

“हा बघाच,” मिस्त्री त्या शुक्रवारी म्हणाले होते. “ह्यात एकही बिनतिकिटाचा नाही.”

चेकरांनी पूर्ण सिनेमाभर तोंड उघडलं नाही. संपल्यावर शेवटची दहा मिनिटं परत लावायला सांगितली. मग इअरफोन काढून मुठीत धरून बसले. निकाल काही दिला नाही.

पुढच्या बुधवारी सुया लावून सिस्टर गेल्यावर ते म्हणाले, “मिस्त्री, मी बंद करतोय.”

“काय बंद करताय?”

“हे.” त्यांनी हनुवटीनं मशीन दाखवलं. “काल डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, निर्णय तुमचा, पण दोन आठवडे थांबा, घरच्यांशी बोला. थांबतो म्हटलं.”

मशीनवरचे आकडे बदलत होते त्याकडे मिस्त्री बघत राहिले. शेवटी कसंबसं विचारलं, “त्या सिनेमामुळे?”

“छे. एवढा मी खुळा नाही. मनात वर्षभर होतंच. पण मला वाटायचं, असं करणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर भेकड. तो म्हातारा दोन्ही नव्हता. बस आली, तो चढला नाही, बस गेली. असं करता येतं, एवढंच त्यानं दाखवलं.”

चेकरांची बायको, म्हणजे मिस्त्रींच्या वहिनी, रोज बाहेरच्या बाकावर बसून असत. कमी बोलणारी, नीटनेटकी बाई, हातात कायम काहीतरी शिवायला. त्या दिवशी मिस्त्री हाताला पट्टी बांधून बाहेर आले तर त्या उभ्याच होत्या.

“भाऊजी, ह्यांना तुम्ही कसला सिनेमा दाखवलात?”

मिस्त्रींनी सांगितला. न लपवता, शेवटासकट. बोलताना त्यांना स्वतःलाच ते ऐकवेना.

वहिनींनी ऐकून घेतलं. “वर्षभर घरी येऊन हे तुमच्याच गोष्टी सांगतात. मिस्त्री हे म्हणाले, मिस्त्रींनी ते दाखवलं. मुलाचं ऐकत नाहीत, माझं नाही, तुमचं ऐकतात. दहा-बारा दिवस आहेत. आता दुसरं काहीतरी दाखवा.”

“वहिनी, सिनेमानं असं होत नसतं.”

“एकानं झालं ना?”

मिस्त्री पिशवी उचलून निघाले.

घरी येऊन त्यांनी वही काढली. पहिल्या पानापासून एक एक ओळ बोटानं वाचत गेले. जगावंसं वाटेल असा सिनेमा शोधत होते. बाई विहिरीशी थांबते, पुढचं दाखवत नाहीत. बाप परत येत नाही, उत्तम. थोरली बहीण घर पेटवते, प्रकाश अप्रतिम. मास्तर शेवटी एकटाच. ह्या ओळी त्यांनीच लिहिलेल्या होत्या, एकेका ओळीवर खूश होऊन. उत्तम, अप्रतिम, अंगावर येतो. दोन दिवस ते जेवणखाण विसरून पानं उलटत होते. चारशे सिनेमांत लोक मरत होते, निघून जात होते, गप्प बसत होते, आणि ते सगळं फार सुंदर चित्रित केलेलं होतं. मुलीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही मला एकदा तरी हसायचा सिनेमा सुचवलाय का?” तिनं ते सहजच म्हटलं होतं.

शेवटी एक सापडला. बायको गेलेला एक माळी वैतागून कामधाम सोडतो, मग शेजारची आंधळी म्हातारी त्याला रोज एक रोप ओळखायला लावते, आणि हळूहळू त्याचं मन परत लागतं. शेवटी सगळी आळी बागेत जेवायला बसते. वहीत त्यांनी पुढे लिहिलं होतं, गोड आहे, खरा नाही. मिस्त्रींनी मनाशी म्हटलं, नसेना का.

सोमवारी त्यांनी तो लावला. “हा एक बघा. मला फार आवडला.”

चेकरांनी वीस मिनिटं निमूटपणे पाहिला. मग मोकळा हात पुढे करून त्यांनी टॅबवरचा सिनेमा थांबवला.

“तुम्हाला हा आवडलेला नाही.”

“आवडलाय.”

“मिस्त्री, तीस वर्षं मी बिनतिकिटाचे चेहरे ओळखलेत. पास घरी राहिला म्हणणारे, पाकीट मारलं म्हणणारे. तुम्ही तर अगदीच नवखे आहात.” आवाजात राग नव्हता. “हिनं सांगितलं ना तुम्हाला?”

मिस्त्रींनी मान हलवली.

“बिचारी. तिला वाटतं, तुमच्या पोतडीत औषध आहे.”

“माझ्या पोतडीत काही नाही,” मिस्त्री म्हणाले. “चारशे सिनेमे आहेत आणि एकही कामाचा नाही. पण मी मला विचारून बघितलं तर मला तुम्ही जायला नको आहात. एवढंच आहे माझ्याकडे. सांगायचं नव्हतं, सांगितलं.”

चेकर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर रुग्णवाहिका मागे घेताना वाजते तसं काहीतरी वाजत होतं.

“तुम्ही त्रेसष्टचे. तुमचं हृदय धडधाकट आहे. तुमचा तिसरा तास आणि माझा तिसरा तास एक नाही,” ते म्हणाले. “मुलानं मला पोट फाडून काढून दिलं, ते माझ्या अंगानं थुंकून टाकलं. तो रोज घरी येऊन माझं वजन विचारतो. त्याच्या तोंडाकडे मला बघवत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.”

मिस्त्रींनी कुणाला सांगितलं नाही.

दोन आठवडे संपले. शेवटच्या शुक्रवारी चेकरांनी सिस्टरला, शेजारच्यांना, सफाईच्या मावशींना नमस्कार केला आणि चालत बाहेर गेले. सोमवारी खुर्ची रिकामी होती. बुधवारीही. मिस्त्रींनी टॅब पिशवीतून काढला नाही. गुरुवारी त्यांनी पत्ता शोधून चेकरांचं घर गाठलं.

ते तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर होतं. दार मुलानं उघडलं. चेकर आतल्या खोलीत तीन उशांना टेकून बसले होते, कारण आडवं झालं की श्वास लागत होता. पाय खांबासारखे सुजले होते, चेहरा ओळखू येणार नाही इतका फुगला होता. अंगाला खाज सुटली होती, खाजवून खाजवून हातांवर ओरखडे उठले होते. खिडकीला जाड पडदा, कारण उजेड डोळ्याला सहन होत नव्हता. वहिनी ओल्या टॉवेलनं त्यांची पाठ पुसत होत्या. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं नाही.

“या,” चेकर म्हणाले. मधे उचकी लागली, ती बरीच मिनिटं थांबेना. थांबल्यावर म्हणाले, “तुमच्या दिग्दर्शकानं हे दाखवलं नाही.”

“नाही,” मिस्त्री म्हणाले.

“ऊन दाखवलं. कुत्रं दाखवलं.” एक एक शब्द ते धापा टाकत बोलत होते. “तक्रार नाही. पण वहीत लिहून ठेवा.”

मिस्त्री पलंगाच्या कडेला बसले. आयुष्यभर अडकलेल्या माणसांशी बंद दाराबाहेरून बोलायची त्यांना सवय होती. घाबरू नका, हलू नका, मी आहे. इथे त्यातलं एकही वाक्य चालणारं नव्हतं.

“चेकर, चला,” ते म्हणाले. “सहाच दिवस झालेत. उद्या शुक्रवार आहे, खुर्ची रिकामी आहे. मी आत्ता फोन करतो. चार तासांत श्वास मोकळा होईल. नंतर काय ते नंतर बघू.”

वहिनींचा हात पाठीवरच थांबला. मुलगा दाराशी येऊन उभा राहिला. चेकरांनी डोळे मिटले होते. एवढा वेळ ते गप्प राहिले की मिस्त्रींना वाटलं, हो म्हणणार. त्यांनी खिशातला फोन काढून हातात धरलासुद्धा.

“नको,” चेकर म्हणाले. “आता परत पहिल्यापासून बघायचं जिवावर येतं.”

मुलगा दारातून मागे फिरला. स्वयंपाकघरात नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि कितीतरी वेळ तो तसाच चालू राहिला.

संध्याकाळी डॉक्टरांनी पाठवलेली परिचारिका झोपेचं औषध देऊन गेली. शनिवारी दुपारी चेकर गेले. शेवटचे दोन दिवस ते शुद्धीवर नव्हते, त्यामुळे त्रास झाला नसावा, असं परिचारिकेनं सांगितलं. ‘नसावा’ हा शब्द मिस्त्रींच्या डोक्यात बसून राहिला.

मुलानं हात जोडून त्यांचे आभार मानले. बाबांना तुमचा फार आधार होता, म्हणाला. वहिनी बोलल्या नाहीत, आणि मिस्त्रींनीही बोलतं करायचा प्रयत्न केला नाही.

दीड महिन्यानं, एका बुधवारी, वहिनी हॉलमध्ये आल्या. बाजूच्या खुर्चीत आता एक शिंपीणबाई असायच्या, त्या तोंडावर रुमाल टाकून झोपल्या होत्या. वहिनींनी स्टूल ओढून घेतलं.

“तो सिनेमा आहे का अजून तुमच्याकडे?”

“वहिनी, कशाला?”

“मला बघायचाय.”

मिस्त्रींचा एक हात सुयांत अडकलेला, दुसऱ्यानं त्यांनी टॅब लावून दिला. वहिनींनी इअरफोन नको म्हटलं. आवाजाशिवायच त्यांनी तो बघितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मांडीवर पर्स घट्ट धरून. म्हातारा उलट्या पावलांनी चालत होता, दोर लांबत होता. बस आली, गेली. मिस्त्री टॅबकडे बघत नव्हते. ते वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि तिथे त्यांना काही वाचता येत नव्हतं. शेवटचं ऊन भिंतीवर गेलं, पडदा काळा झाला.

“ह्याची बायको कुठे आहे?” वहिनींनी विचारलं.

“कोणाची?”

“ह्या दोरवाल्याची. घरात कपबश्या दोन आहेत, खुंटीला बाईची शाल आहे. बायको कुठे आहे?”

मिस्त्रींनी हा सिनेमा पाच वेळा पाहिला होता. शाल त्यांच्या ध्यानात आली नव्हती. “ती दाखवलेली नाही,” ते म्हणाले.

“म्हणून जमलं त्याला,” वहिनी म्हणाल्या. “पाठ पुसायला कुणी दिसलं असतं तर कुणी एवढं शांत बसून ऊन बघितलं नसतं. ना त्यानं, ना तुम्ही, ना ह्यांनी.”

मिस्त्रींनी मोकळ्या हातानं टॅब बंद केला. “वहिनी, माझ्यावर राग आहे ना तुमचा?”

“आहे,” त्या म्हणाल्या. थोडा विचार करून, खरं तेच सांगायचं अशा स्वरात पुढे म्हणाल्या, “ह्यांच्यावरही आहे. ज्यानं हे बनवलं त्याच्यावरही आहे. कमी झाला तर कळवीन तुम्हाला.”

त्यांनी स्टूल जागच्या जागी नेऊन ठेवलं, सिस्टरला मान हलवून निरोप घेतला आणि गेल्या. मशीनवर अजून एक तास दहा मिनिटं बाकी होती. पोटरीत गोळा यायला लागला तेव्हा मिस्त्रींनी सिस्टरला हाक मारली.